आयोनाला जाताना: एक रात्र तरी बेटावर काढण्यासाठीची तयारी

स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात विखुरलेल्या हेब्रिडीज बेटांपैकी आयोना हे अगदी लहान बेट आहे. लांबी साधारण पाच किलोमीटर, रुंदी अडीच किलोमीटरच्या आतबाहेर आणि कायमची वस्ती पावणेदोनशेच्या आसपास. आयर्लंडहून आलेल्या कोलंबा नावाच्या भिक्षूने इ.स. 563 मध्ये आपल्या बारा सोबत्यांसह येथे मठ स्थापन केला, तेव्हापासून या बेटाला तीर्थक्षेत्राचे महत्त्व आहे. ग्लासगो-एडिनबरोला शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मुलांकडे आलेले अनेक मराठी आईवडील स्कॉटलंड पाहायला निघतात, तेव्हा बसच्या सहलीत हे बेट दोन-अडीच तासांत उरकले जाते. माझे आग्रहाचे सांगणे असे की आयोनाला जायचे असेल, तर निदान एक रात्र तेथे राहण्याच्या तयारीने जावे. दुपारनंतर सहलीच्या बोटी परत गेल्या, की बेटावर जी शांतता उतरते, तिच्यासाठीच इतका लांबचा प्रवास करायचा असतो.

प्रथम कागदपत्रे. स्कॉटलंडसाठी वेगळा व्हिसा नसतो. भारतीय पारपत्रधारकाला ब्रिटनचा स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा लागतो आणि त्यावर सहसा सहा महिन्यांपर्यंत राहता येते. युरोपातील इतर देशांसाठी घेतलेला शेंगेन व्हिसा येथे चालत नाही, हे युरोप सहलीला जोडून स्कॉटलंड करू पाहणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. अर्ज प्रवासाच्या फार तर तीन महिने आधी करता येतो, मात्र बेटावरील राहण्याची सोय त्याहून आधी पाहावी लागते. आयोनावर हॉटेले मोजकी आहेत. त्यांखेरीज काही घरगुती निवास आणि उत्तर टोकाला एक वसतिगृह आहे. उन्हाळ्यातील खोल्या कित्येक महिने आधीच भरून जातात. त्यामुळे आधी खोली, मग बोट, मग रेल्वे आणि शेवटी विमान असा उलटा क्रम धरावा. खोली घेताना ती व्हिसाच्या निकालानंतरही रद्द करता येईल ना, एवढे विचारून घ्यावे.

महिना निवडायचा झाला तर मे आणि जूनचा पहिला पंधरवडा सर्वांत चांगला. या भागात वर्षभर पाऊस असतो, परंतु एप्रिल ते जून हा काळ त्यातल्या त्यात कोरडा असतो. जूनच्या अखेरीस सूर्य रात्री दहाच्या पुढे मावळतो आणि पहाटे साडेचारच्या सुमारास उगवतो. सवय नसलेल्यांनी डोळ्यांवर बांधायची पट्टी जवळ ठेवावी. भर उन्हाळ्यातही दुपारचे तापमान पंधरा-सोळा अंशांच्या आसपासच राहते. ऑक्टोबरच्या अखेरीस बोटींचे हिवाळी वेळापत्रक सुरू होते, फेऱ्या कमी होतात, बहुतेक हॉटेले बंद होतात आणि डिसेंबरात दिवस सुमारे सात तासांचाच उरतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने हिवाळ्याच्या वाटेला जाऊ नये.

प्रवास चार टप्प्यांचा आहे आणि प्रत्येक टप्पा आधीच्यावर अवलंबून आहे. ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्थानकातून ओबन या बंदराच्या गावी रेल्वेने सुमारे तीन तासांत पोहोचता येते. बसलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. येथे एक गोष्ट नीट पाहावी. या मार्गावरच्या काही गाड्या क्रायनलॅरिक स्थानकात दुभागतात, म्हणजे काही डबे ओबनला जातात आणि उरलेले फोर्ट विल्यमकडे वळतात. चुकीच्या डब्यात बसून राहिल्यास आपण भलत्याच दिशेला जातो आणि तो दिवस हातचा जातो. डब्यावरची पाटी वाचावी, गाडीतील घोषणा ऐकावी आणि तरीही शंका असेल तर सरळ गार्डला विचारावे.

ओबनहून मल या मोठ्या बेटावरील क्रेगन्यूरपर्यंत कॅलेडोनियन मॅकब्रेन कंपनीची मोठी बोट सुमारे पाऊण ते एक तासात जाते. तेथील सगळे लोक या कंपनीला कॅलमॅक म्हणतात. बोट निघाली की उजवीकडे लिस्मोरचे पांढरे दीपगृह आणि मलजवळ आल्यावर डावीकडे डुआर्ट किल्ला दिसतो. मॅक्लीन कुळाचा हा किल्ला कड्यावर असा उभा आहे की कोकणातील जलदुर्ग पाहिलेल्या माणसाला त्याची जागा का निवडली, हे सांगावे लागत नाही. गाडी न्यायची असेल, तर या फेरीचे आरक्षण फार आधी करावे लागते. पायी प्रवाशांना जागा मिळणे तुलनेने सोपे असते, तरी उन्हाळ्यात तिकीट आधीच काढून अर्धा तास आधी धक्क्यावर असावे.

क्रेगन्यूरला उतरल्यावर रेंगाळू नये. धक्क्याजवळच फिनफर्टची बस उभी असते. तिच्या वेळा बोटीशी जुळवलेल्या असल्या, तरी दिवसभरात फेऱ्या थोड्या आणि रविवारी त्याहून कमी असतात. ती चुकली तर पुढच्या बससाठी कित्येक तास थांबावे लागते. मलच्या पार दुसऱ्या टोकापर्यंतचे हे साठ किलोमीटर अंतर कापायला सव्वा तास लागतो. बस ग्लेन मोर या खोऱ्यातून जाते आणि हवा स्वच्छ असेल तर 966 मीटर उंचीचा बेन मोर दिसतो. फिनफर्ट हे नाव पाटीवर रोमन लिपीत फारच वेगळे दिसते, कारण ते गेलिक भाषेतले आहे. तिकिटावरची अक्षरे एकदा पाटीशी ताडून पाहावीत, म्हणजे गोंधळ होत नाही.

फिनफर्टहून आयोना समोर दिसते, इतकी ती जवळ आहे. येथील लहान बोट दहा मिनिटांत पलीकडे नेते. दाभोळ-धोपावे किंवा आगरदांडा-दिघी अशी फेरीबोट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही बोट ओळखीची वाटेल: पुढची फळी खाली पडते, ती उतरत्या धक्क्याला टेकते आणि माणसे चालत आत जातात. फरक समुद्राचा आहे. नैर्ऋत्येकडून वारा आणि लाटा येऊ लागल्या, की उघड्या धक्क्याला बोट लावता येत नाही आणि फेरी थांबवली जाते. आम्ही पहिल्यांदा गेलो, त्या दुपारी ऊन पडले होते, पाऊस नव्हता, तरी समोर दिसणाऱ्या बेटाकडे पाहत दोन तास फिनफर्टला बसून होतो. धक्क्यावरचा कर्मचारी शांतपणे प्रत्येकाला तेच सांगत होता, की वारा पडेल तेव्हा बोट सुटेल. त्या दोन तासांत आमच्याजवळ खायला काही नव्हते आणि माझ्या आईचा स्वेटर मोठ्या बॅगेच्या तळाशी होता. म्हणून सांगतो, की या टप्प्यासाठी खाऊ, पाणी, गरम कपडा आणि रोजची औषधे हातातल्या पिशवीतच असावीत. बोटींची त्या दिवसाची स्थिती कॅलमॅकच्या ॲपवर कळते. आदल्या संध्याकाळी आणि सकाळी निघण्यापूर्वी ती पाहावीच.

स्वतःची गाडी किंवा भाड्याची गाडी घेऊन मलवर जाणाऱ्यांसाठी थोडे अधिक सांगायला हवे. ब्रिटनमध्ये वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात आणि पाहुणा म्हणून आलेल्याला भारतीय परवान्यावर बारा महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते. मलवरचे बरेच रस्ते एकपदरी आहेत. ठरावीक अंतरावर रस्ता थोडा रुंद केलेला असतो आणि तेथे पासिंग प्लेस अशी पाटी असते. समोरून गाडी आली आणि अशी जागा आपल्या डावीकडे असली, तर तिच्यात शिरून थांबावे. उजवीकडे असली, तर रस्ता न ओलांडता तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबावे. चढण चढून येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, हा आपल्या घाटांतला नियम येथेही पाळतात. मागून कोणी स्थानिक घाईत येत असेल, तर त्यालाही या जागेवर थांबून पुढे जाऊ द्यावे, कारण त्याला बोट गाठायची असते. फोटोसाठी मात्र तेथे गाडी लावू नये. आयोनावर पाहुण्यांची वाहने परवान्याशिवाय नेता येत नाहीत, त्यामुळे गाडी फिनफर्टच्या वाहनतळावर ठेवून पुढे पायीच जायचे आहे.

सामान कमी असावे, हे ओघाने आलेच. फिनफर्ट आणि आयोना या दोन्ही ठिकाणी उतरता, ओला, शेवाळलेला धक्का आहे आणि चाकांची मोठी बॅग ओढत त्यावरून जाणे वयस्कर माणसाला धोक्याचे ठरते. मोठी बॅग ग्लासगोत मुलांच्या घरी किंवा हॉटेलात ठेवावी आणि दोन रात्रींपुरते कपडे पाठीवरच्या पिशवीत भरावेत. छत्री नेऊ नये, पहिल्याच वाऱ्यात ती उलटी होते. टोपी असलेले जलरोधक जाकीट, तशीच वरून घालायची विजार, घोट्यापर्यंत येणारे पाणी न शिरणारे बूट आणि जादा मोजे एवढे असले की पावसातही हिंडता येते. साडी नेसणाऱ्यांनी बोटीच्या आणि चालण्याच्या वेळेपुरता तरी सलवार किंवा पँट असा पोशाख ठेवावा, कारण ओला काठ पायात येऊन पडण्याची भीती असते. आपल्याकडची गोल पिनांची विजेची प्लग तेथे बसत नाही, तेव्हा तीन चपट्या पिनांचा ॲडॅप्टर सोबत घ्यावा.

मिज नावाची बारीक चावरी माशी मेच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत पश्चिम स्कॉटलंडमध्ये फार त्रास देते. वारा असला की ती उडत नाही आणि आयोनावर वारा बहुधा असतोच, तरी वारा पडलेल्या संध्याकाळी अंगाला लावायचे औषध जवळ असावे. गवतात किंवा नेच्यांच्या झुडपांत चालून आल्यावर पाय तपासावेत. तेथील गोचिडीमुळे लाइम हा आजार होऊ शकतो. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ पकडून सरळ वर ओढून काढावी.

खाण्याचा प्रश्न शाकाहारी मंडळींना सर्वांत आधी पडतो आणि त्यावर मोघम दिलासा देऊन भागत नाही. बेटावर शाकाहारी जेवण मिळते, हॉटेलांतील लोक आपुलकीने चौकशीही करतात, पण कोणत्या पदार्थात काय असते हे आपल्याला ठाऊक हवे. सर्वांत फसवे असते मसुराचे सूप. दिसायला ते थेट आपल्या डाळीसारखे असते, त्यात गाजर आणि कांदा असतो, आणि थंडीत कुडकुडत आलेला माणूस त्याच्यावर तुटून पडतो. पारंपरिक स्कॉटिश पद्धतीत मात्र ते डुकराच्या मांसाच्या पाण्यात शिजवतात. म्हणून ते शाकाहारी आहे का, एवढेच न विचारता, सूपचे पाणी कशाचे आहे, असे विचारावे. माझ्या आईने एका उपाहारगृहात हेच विचारले, तेव्हा काउंटरवरची मुलगी आत जाऊन स्वयंपाक्याला विचारून आली आणि तिने मान हलवून नकार दिला. मग बटाट्याचे सूप भाज्यांच्या पाण्यातले आहे, असे तिने आपणहून सांगितले. ब्लॅक पुडिंगमध्ये रक्त असते आणि क्लूटी डम्पलिंग या गोड पदार्थात बहुधा जनावराची चरबी असते. हॅगिस मेंढीच्या अवयवांचे असते, परंतु त्याचा डाळी, ओट्स आणि भाज्यांचा शाकाहारी प्रकार सर्रास मिळतो आणि तो चवीला उत्तम लागतो. भाजलेला सालीसकट बटाटा, ओट्सची बिस्किटे, चीज आणि स्कोन यांवर एक दिवस सहज निघतो. सोबत घरचे मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि गरम पाण्यात भिजणारे पोहे असावेत. खोलीत बहुधा किटली असते. नळाचे पाणी पिण्याजोगे आहे. बेटावरच्या दुकानात रोजच्या वस्तू मिळतात, पण रात्री जेवायचे असेल, तर दुपारीच सांगून ठेवावे, कारण टेबले मोजकी असतात.

बेटावर उतरल्यावर मठाकडे जाणारा रस्ता एकच आहे आणि चालायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. वाटेत आधी भिक्षुणींच्या मठाचे अवशेष येतात. भिंती या भागातल्या गुलाबी ग्रॅनाइटच्या आहेत आणि छत केव्हाच गेले आहे. बहुतेक लोक येथे न थांबता पुढे जातात, ते करू नये. पुढे सेंट ओरानची बाराव्या शतकातली लहानशी प्रार्थनागृहाची वास्तू आणि तिच्याभोवतीचे दफनस्थान आहे. स्कॉटलंडचे अनेक प्राचीन राजे येथे पुरले गेले, असे परंपरा सांगते आणि त्यांत मॅकबेथचेही नाव घेतले जाते. मजूर पक्षाचे नेते जॉन स्मिथ यांनाही 1994 मध्ये येथेच पुरले. हे आजही बेटावरच्या लोकांचे दफनस्थान आहे, त्यामुळे थडग्यांवर टेकून फोटो काढू नयेत आणि मुलांना तेथे धावू देऊ नये.

मठाच्या समोर सेंट मार्टिनचा क्रूस उभा आहे. आठव्या शतकात जेथे तो रोवला, तेथेच तो अजून आहे. इ.स. 795 पासून व्हायकिंगांनी या मठावर वारंवार हल्ले केले, 806 मध्ये अडुसष्ट जणांना ठार केले, आणि तरीही हा दगड हलला नाही. त्याच्या मागच्या बाजूला नागमोडी वेलबुट्टी व गोलाकार उंचवटे आहेत आणि पुढच्या बाजूला बायबलातील प्रसंग कोरलेले आहेत. झिजलेली शिल्पे ओळखायची असतील, तर सकाळी किंवा संध्याकाळी तिरके ऊन पडते तेव्हा पाहावीत, कारण भर दुपारी सगळे सपाट दिसते. जवळच सेंट जॉनचा क्रूस दिसतो, तो 1970 साली काँक्रीटमध्ये केलेली प्रतिकृती आहे. मूळ तुकडे जोडून संग्रहालयात उभे केले आहेत आणि ते चुकवू नयेत. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात जपलेली बुक ऑफ केल्स ही सचित्र पोथी इ.स. 800 च्या सुमारास बहुधा येथेच लिहायला घेतली गेली, असे अभ्यासक मानतात. आजची मठाची इमारत मात्र सन 1200 च्या सुमारास आलेल्या बेनेडिक्टाइन भिक्षूंच्या काळापासूनची आहे. ती विसाव्या शतकात पुन्हा उभी राहिली. जॉर्ज मॅकलाउड यांनी 1938 मध्ये आयोना कम्युनिटी स्थापन केली आणि बेकार कारागीर व शिकाऊ धर्मोपदेशक यांना एकत्र आणून मठाच्या पडक्या इमारती बांधून काढल्या. इमारत पाहायला तिकीट आहे, परंतु प्रार्थनेला बसायला तिकीट लागत नाही आणि कोणत्याही धर्माच्या माणसाला आत येता येते. फोन बंद ठेवून मागच्या बाकावर बसावे. मेणबत्त्यांच्या उजेडातली संध्याकाळची प्रार्थना ऐकायची असेल, तर बेटावर मुक्काम हवा.

चालायची आवड असेल, तर डून ई ही टेकडी आधी चढावी. उंची फक्त 101 मीटर आहे, पण माथ्यावरून सगळे बेट आणि भोवतालचा समुद्र दिसतो. उत्तरेकडच्या किनाऱ्यावरची वाळू शंखशिंपल्यांच्या चुऱ्याची आणि म्हणून पांढरी आहे. ऊन असले की पाणी हिरवेनिळे दिसते, पण ते अतिशय थंड असते, तेव्हा घोट्यापुढे जाऊ नये. दक्षिणेकडे कोलंबा जेथे उतरला असे मानतात, त्या खाडीला जायची वाट दलदलीची आहे. जाऊन-येऊन तीन तास धरावेत आणि पाऊस झाल्यावर गुडघेदुखी असलेल्यांनी तिकडे जाऊ नये. तेथे गोटे रंगीबेरंगी आणि गुळगुळीत आहेत. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या कोणालाही बहुतेक मोकळ्या जमिनीवरून चालण्याचा हक्क आहे. जबाबदारी म्हणजे मुख्यतः फाटक. जे फाटक बंद होते ते आपल्यामागे बंद करावे, कडी बसली का ते हाताने ओढून पाहावे. एप्रिल-मेमध्ये मेंढ्यांना कोकरे झालेली असतात, त्यांच्या जवळ जाऊ नये.

दुसरा दिवस हाताशी असेल, तर स्टॅफा या निर्जन बेटाची सफर करावी. लहान बोटी आयोना आणि फिनफर्ट या दोन्ही धक्क्यांवरून सुटतात आणि सगळे मिळून सुमारे तीन तास लागतात. तेथे तप्त लाव्हा निवताना आकसून पडलेल्या भेगांमुळे बेसॉल्टचे उभे, बहुतेक षट्कोनी खांब तयार झाले आहेत. सह्याद्रीही बेसॉल्टचाच आहे आणि अंधेरीची गिल्बर्ट हिल अशाच खांबांची आहे, हे माहीत असलेल्या माणसाला स्टॅफावर दुप्पट आनंद होतो. फिंगल्स केव्ह या गुहेपर्यंत जाणारी पायवाट आणि बेटावर उतरणे दोन्ही कधी कधी बंद असतात, म्हणून तिकिटाआधी बोटवाल्याला विचारावे. मेपासून जुलैअखेरपर्यंत पफिन पक्षी तेथे असतात. बोट लागत असेल, तर गोळी निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी.

रात्री बाहेर पडताना विजेरी न्यावी, कारण रस्त्यावर दिवे जवळजवळ नाहीत. मे-जूनमध्ये शेतांच्या कडेने कॉर्नक्रेक ऐकू येतो. हा पाणकोंबडीच्या कुळातला पक्षी आफ्रिकेतून येथे येतो आणि ब्रिटनमध्ये फार कमी ठिकाणी उरला आहे. कंगव्याच्या दातांवरून नख ओढावे तसा त्याचा दुहेरी आवाज असतो. तो गवतातच दडून राहतो, त्याला पाहायला म्हणून गवतात शिरू नये. कुंपणाशी उभे राहून ऐकावे.

कार्ड बहुतेक ठिकाणी चालते, तरी थोडे रोख पौंड जवळ असावेत, कारण बेटावर बँक नाही. स्कॉटलंडमध्ये तीन बँका स्वतःच्या नोटा काढतात. या नोटा भारतात बदलून मिळणे अवघड जाते, म्हणून त्या तेथेच खर्च कराव्यात. प्रवास विमा घेतल्याशिवाय निघू नये. रुग्णालय मलवर क्रेगन्यूरला, म्हणजे बोट आणि साठ किलोमीटर रस्ता ओलांडून आहे. तातडीच्या वेळी 999 किंवा 112 हा क्रमांक लावावा. फोनचे जाळे मध्येच जाते. खोलीची पावती, तिकिटे आणि वेळापत्रक कागदावर छापून घ्यावे.

परतीचे गणित विमानापासून मागे मोजावे. वाऱ्यामुळे एक दिवस बेटावर अडकणे या भागात काही विशेष नाही, त्यामुळे आयोनाहून निघण्याचा दिवस आणि विमानाचा दिवस यांच्यामध्ये निदान एक पूर्ण दिवस मोकळा ठेवावा आणि ती रात्र ग्लासगोत काढावी. सकाळच्या पहिल्या बोटीने निघाल्यास मलवरची बस, ओबनची बोट आणि संध्याकाळची रेल्वे हे सर्व धावपळ न करता जमते.